वाटाण्याचा वेल आणि दादासाहेब

फोटो काढून झाला की तो कुणाला तरी दाखवावासा वाटतोच. मग तो लग्नातला असो, गॅलरीतल्या जास्वंदीचा असो, नाहीतर बचत गटाच्या स्टॉलवर मांडलेल्या पापड-कुरडयांचा. मैत्रीण मोबाईलकडे एक नजर टाकते, छान आलाय म्हणते आणि विषय संपतो. घरातलं एखादं माणूस मात्र हसतं, या वयात कसले हे नाद, असं ऐकवतं. मैत्रिणीनं मन राखलं, घरच्यानं मन मोडलं. पण फोटोतल्या बाईच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसतोय, किंवा खिडकी तिच्या पाठीशी आल्यामुळे चेहरा काळा पडलाय, हे दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. म्हणजे पुढचा फोटोही तसाच येणार!

मैत्रिणींनो, चूक नेमकी दाखवून देणारं माणूस भेटायला भाग्य लागतं. आणि ते भेटल्यावर राग न धरता ऐकून घेणं हे तर त्याहून कठीण. कोण नुसती थट्टा करतंय, कोणाला आपली काळजी वाटतेय आणि कोण खरोखर शिकवतंय, हे ओळखायचं कसं? हे ज्यांना फार सुंदर जमलं होतं, अशा एका फोटोग्राफरची आज गोष्ट सांगणार आहे. आपण त्यांना फोटोग्राफर म्हणून ओळखत नाही. आपण त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो. दादासाहेब फाळके!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. घरात पोथ्या आणि स्तोत्रं, आणि मुलाचा ओढा चित्रकलेकडे. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथं चित्रकला शिकता शिकता त्यांना फोटोग्राफीचं वेड लागलं.

त्या काळातली फोटोग्राफी म्हणजे आजच्यासारखं बटण दाबलं आणि झालं असं नव्हतं. अंधाऱ्या खोलीत रसायनं कालवायची, काच किंवा कागद त्यात बुडवायचा आणि चित्र उमटेपर्यंत वाट बघायची. एखाद्या रसायनाचं प्रमाण चुकलं तरी सगळी मेहनत पाण्यात. अशा वेळी गुरू चांगला लागतो. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी या मुलाची धडपड हेरली. पण त्यांनी नुसती शाबासकी देऊन त्याला सोडून दिलं नाही. त्याचं कुठं कमी पडतंय ते पाहून त्यांनी त्याला रतलामला धाडलं. तिथं बाबूलाल वरुवळकर नावाच्या जाणकाराच्या हाताखाली तीन रंगांचे ब्लॉक करणं, फोटोलिथो आणि अंधाऱ्या खोलीतली छपाई असं सगळं धुंडिराज शिकले. परत आल्यावर गज्जरांनी कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना वापरू दिली. चांगल्या गुरूचा अभिप्राय असा असतो. तो उणीव दाखवतो आणि ती भरून काढायची वाटही दाखवतो.

१८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात धुंडिराजांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली. तिला सुवर्णपदक मिळालं. त्यांच्या कामावर खूश झालेल्या एका चाहत्यानं त्यांना एक महागडा कॅमेरा भेट दिला. हौशी माणसाच्या हातात स्वतःचा कॅमेरा आला. आणखी काय हवं!

पुढे १८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्र्याला फोटोचा धंदा सुरू केला. पण नशिबानं तिथं मोठा घाव घातला. प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. मन उडालं, ते गोध्रा सोडून बडोद्याला परतले. तिथं पुन्हा स्टुडिओ थाटला, तर लोक यायला तयार होईनात. कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी तेव्हा समजूत होती. एका राजपुत्रानं म्हणे याच भीतीनं फोटो काढून घ्यायला नकार दिला होता. फाळक्यांनी दरबारात जाऊन फोटोग्राफीचे फायदे समजावले आणि त्याला राजी केलं. धंदा मात्र सावरला नाही. म्हणून मग नाटकांचे पडदे रंगव, एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिक, असं बरंच काही त्यांनी केलं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. फोटो काढून घ्यायला न येणारी माणसं फाळक्यांच्या कामाला नावं ठेवत नव्हती. त्यांच्या मनात भीती होती. भीतीवर उपाय म्हणजे समजावणं. काम वाईट आहे असं कुणी म्हटलं, तर उपाय म्हणजे काम सुधारणं. आपण पुष्कळदा या दोन्हींची गल्लत करतो आणि दुसऱ्याच्या भीतीपायी आपलं चांगलं कामसुद्धा सोडून देतो.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं आणि सरस्वतीबाई या गोष्टीत आल्या. त्यांच्याबद्दल पुढे सांगणारच आहे, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. मधल्या वर्षांत फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडून लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला, मग तो मुंबईला आणला. १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन रंगीत छपाईचं तंत्र शिकून आले. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशी ओलांडलेला हा माणूस चालता छापखाना सोडून बाहेर पडला. घरात बायको-मुलं आणि हाती काम नाही.

अशातच १९११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू दिसत होता आणि फाळक्यांना राम आणि कृष्ण दिसत होते. आपल्या देवांची चित्रं अशी हलताना का दिसू नयेत? ते सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखवायला घेऊन गेले. मग घरात एकच ध्यास सुरू झाला. स्वस्तातला एक छोटा कॅमेरा आणि फिल्मच्या काही रिळी आणल्या. मेणबत्ती आणि भिंग घेऊन रात्र रात्र भिंतीवर चित्रं हलवून बघणं चालू झालं. झोप नाही, विश्रांती नाही. सहा महिन्यांत डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी गेली. ज्याचं सगळं डोळ्यांवर, त्याचे डोळेच गेले! डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे वापरावे लागले, तेव्हा कुठे पुन्हा दिसू लागलं.

आता विचार करा, या काळात नातेवाईक आणि शेजारीपाजारी काय म्हणत असतील? धंदा सोडला, डोळे घालवले, वेड लागलं. बोलणाऱ्यांना चूक म्हणता येत नाही, संसाराची काळजी कुणालाही वाटली असती. पण त्यातल्या एकानंही चित्र कुठं बिघडतंय हे सांगितलं नसणार, कारण त्यातलं कुणाला कळतच नव्हतं. आपलं काम ज्याला कळतं अशा माणसापर्यंत गेलं पाहिजे, हे फाळक्यांनी ओळखलं. आपली बारा हजारांची विम्याची पॉलिसी एका मित्राकडे गहाण टाकून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते बोटीनं लंडनला निघाले.

लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. पण ‘बायोस्कोप’ नावाचं चित्रपटविषयक साप्ताहिक ते मुंबईत वर्गणी भरून वाचत असत. त्याच्या कचेरीची पाटी दिसली आणि ते सरळ आत शिरले. संपादक कॅबोर्न यांना त्यांनी आपला बेत सांगितला. कॅबोर्न यांनी पहिल्याच भेटीत नाउमेद केलं. इंग्लंडमध्येच कितीतरी निर्माते बुडालेत आणि हिंदुस्थानातली हवा या कामाला मानवेल का, ही त्यांची शंका.

या ठिकाणी एखादा खट्टू होऊन परतीची बोट धरता. फाळक्यांनी मात्र बोलणाऱ्याकडे नीट पाहिलं. हा माणूस थट्टा करत नाहीये, याला धंदा माहीत आहे आणि तो खरी अडचण सांगतोय. अशा माणसाशी वाद घालायचा नसतो. त्याला विचारायचं असतं की, बरं, मग करू काय? फाळके चिकाटीनं बसून राहिले. त्यांची तळमळ पाहून कॅबोर्न विरघळले. लंडनबाहेर वॉल्टन इथं स्टुडिओ चालवणारे नामवंत निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांनी फाळक्यांची ओळख करून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओतलं एकेक खातं त्यांना उघडून दाखवलं, चित्रण कसं करतात ते प्रत्यक्ष करून दाखवलं. कोणता कॅमेरा घ्यावा हे फाळक्यांनी मनानं ठरवलं नाही. या दोघांच्या सल्ल्यानं त्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं. परावृत्त करणारा माणूसच त्यांचा मार्गदर्शक झाला!

सामान मुंबईला आलं तेव्हा फाळके कुटुंब दादरला राहत होतं. आता खरी परीक्षा होती. सगळा डोलारा उभा करायला पैसे हवे होते आणि नुसत्या बोलण्यावर कुणी पैसे देणार नव्हतं. दादासाहेबांनी थेट राजा हरिश्चंद्राला हात घातला नाही. आधी आसपासची मुलं-मुली गोळा करून त्यांचं थोडं चित्रण करून पाहिलं. कॅमेरा नीट चालतोय का, पडद्यावर चित्र कसं दिसतंय, ते तपासलं. मग एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले. कुंडीपुढे कॅमेरा रोवला आणि महिन्याभराहून जास्त दिवस थोड्या थोड्या अंतरानं एकेक चित्र घेत राहिले. सगळी चित्रं सलग पडद्यावर दाखवली तेव्हा जेमतेम मिनिटभरात दाण्याला कोंब फुटला, पानं आली आणि वेल सरसर वर चढला. या चिमुकल्या चित्रपटाचं नाव ‘अंकुराची वाढ’.

मला या माणसाच्या आयुष्यातला हा तुकडा सगळ्यात जास्त आवडतो. किती साधी वस्तू निवडली! कुंडी घरातली, वाटाणे स्वयंपाकघरातले. पण कॅमेरा हलू द्यायचा नाही, रोजचा प्रकाश सांभाळायचा, एक दिवसही चुकवायचा नाही, या सगळ्याची कसोटी त्यात लागली. आणि तो चित्रपट त्यांनी गावभर मिरवला नाही. निवडक लोकांनाच बोलावून दाखवला. त्यात फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी होते, नारायणराव देव्हारे होते. डोळ्यांपुढे वेल वाढताना पाहिल्यावर त्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. तेवढ्यानं पुरणार नव्हतंच. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले.

दागिने देणं ही आपल्याकडे बायकांच्या त्यागाची ठरलेली गोष्ट आहे. मला त्यापेक्षा मोठं वाटतं ते सरस्वतीबाईंचं शिकणं. परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं नसत आणि ती असल्याशिवाय कॅमेऱ्यातून फिल्म पुढे सरकत नाही. हे काम अंधारात करावं लागे, कारण उजेडाची तिरीप लागली की फिल्म वाया. दादासाहेबांनी घरातल्यांना ते शिकवलं आणि सरस्वतीबाई त्यात तरबेज झाल्या. भोकांमधलं अंतर केसभर चुकलं तरी पडद्यावर चित्र थरथरणार. म्हणजे चूक लगेच दिसणार आणि ती सुधारूनच पुढचं काम करायचं. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून कलावंतांच्या चेहऱ्यावर उजेड पाडणं, हे सगळं त्यांनी केलं. शिवाय साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक. तारामतीची भूमिका करशील का, असं पतीनं विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. एवढा कामाचा डोंगर सोडून तोंडाला रंग लावून उभं राहायला त्यांना सवड कुठे होती? शेवटी तारामती झाले अण्णा साळुंके, एका उपाहारगृहात काम करणारे तरुण. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. कॅमेरा चालवायला दादासाहेबांनी आपले मित्र त्र्यंबक तेलंग यांना शिकवून तयार केलं.

बाहेरचं चित्रण कर्जत लाईनवरच्या वांगणीला झालं. तिथली एक गंमत सांगतात. तलवारी, दाढ्या-मिशा घेऊन मंडळी आधी पोहोचली आणि दरोडेखोर आले समजून गावकरी घाबरले. फौजदारानं सगळ्यांना अडकवून ठेवलं. दादासाहेबांनी येऊन सगळा प्रकार समजावला तेव्हा कुठे सुटका झाली.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत सदतीसशे फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. आणि पुन्हा पाहा, वाटाण्याच्या वेलाच्या वेळचीच पद्धत! २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात आधी निवडक निमंत्रितांना आणि वृत्तपत्रवाल्यांना तो दाखवला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी लागला आणि इतिहास घडला. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये दादासाहेब आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. ज्या गावात दोन वर्षांपूर्वी ते विचारायला गेले होते, तिथं आता जाणकारांनी त्यांच्या तंत्राचं कौतुक केलं. तिथंच राहून काम करायची संधीही पुढे आली, पण ते मायदेशी परतले.

पुढे ‘लंका दहन’, मुलगी मंदाकिनीला बाळकृष्ण करून काढलेला ‘कालिया मर्दन’ असे एकाहून एक चित्रपट आले. मात्र सगळं गोडगोडच झालं असं नाही. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि भागीदारांशी खर्चावरून, कामाच्या पद्धतीवरून खटके उडू लागले. कॅमेऱ्याच्या बाबतीत परक्या माणसाचंही ऐकणारे दादासाहेब पैशाच्या बाबतीत भागीदारांचं ऐकायला तयार नव्हते. ते कंपनी सोडून काशीला गेले, १९२२ मध्ये परत आले. तोवर बराच काळ निघून गेला होता. बोलपट आल्यावर त्यांचं जमलं नाही. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांनी डोळे मिटले, तेव्हा चित्रपटाची दुनिया त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये.

आता आपल्यापुरतं काय घ्यायचं? पनवेलला बचत गटांच्या कामात मी पाहते, पूर्वी डब्यातून नमुना फिरायचा, आता मोबाईलवरून फोटो फिरतो आणि फोटोवर ऑर्डर ठरते. चकली कुरकुरीत आहे पण फोटोत काळपट दिसतेय, तर गिऱ्हाईक पुढे जातं. चकली करणारीचे पैसे जातात. म्हणून फोटो दाखवताना कसा आलाय असं मोघम विचारू नका. समोरचीला नेमकं विचारा. तुझी नजर आधी कुठे गेली? काय नको होतं? उजेड कुठून यायला हवा होता? तिनं सांगितलं की सबब सांगू नका. त्याच वस्तूचा, दुसऱ्या दिवशी, खिडकीजवळ, पुन्हा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. आणि कुणी तुम्हाला फोटो दाखवला, तर छान म्हणून थांबू नका. काय चांगलं आहे ते आधी सांगा, मग एक, फक्त एक उणीव सांगा, आणि ती कशी काढता येईल तेही सांगा. गज्जर गुरुजींनी तेच केलं होतं.

जी नुसतीच हसते तिच्यावर रागवायचं कारण नाही. तिला फोटोतलं कळत नसेल इतकंच. पण जी थांबून फोटो नीट बघते आणि इथं जरा चुकलंय गं म्हणते, तिचा हात सोडू नका. तिला पुढचाही फोटो दाखवा. सुरुवात मोठ्या समारंभापासून नको. घरातली एखादी कुंडी पुरे आहे.